वन्संचं बिनवायरचं यंत्र

माझ्या नणंदेइतका विचार करणारी बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर देव तिच्या भावजयीला बळ देवो. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला ताई म्हणू की वन्सं?" त्या म्हणाल्या, "विचार करून सांगते." याला सोळा वर्षं झाली. निकाल अजून लागलेला नाही, म्हणून मी आपली वन्सं म्हणते आणि त्याही हाकेला ओ देतात. हॉटेलात त्या मेनूकार्ड पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचतात आणि वेटर तिसऱ्यांदा आला की मला विचारतात, "तू काय घेतेस?" एकदा त्यांना कुकर घ्यायचा होता. सात महिने आम्ही दर रविवारी झाकणं लावून आणि काढून पाहिली. शेवटी एक पसंत पडला तेव्हा दुकानदार म्हणाला, तो प्रकार आता कंपनीने बंद केला. वन्संचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत होते ना, त्यात काहीतरी गडबड असणार." ऐन वयात सांगून आलेल्या स्थळांचंही त्यांनी असंच केलं असावं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "तिनं कुणाला नाही म्हटलं नाही गं. ती नुसतं 'बघते' म्हणाली."

या स्वभावाचा त्यांना तीस वर्षं पगार मिळाला, हे सांगितलं पाहिजे. घोटावड्याकडच्या एका कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. बाहेर जाणारा प्रत्येक बोल्ट त्यांच्या नजरेखालून जायचा आणि ज्याच्याबद्दल त्यांना तिळाएवढी शंका आली तो माघारी जायचा. तिथे त्यांचं कौतुक झालं, निरोपसमारंभाला शाल मिळाली, साहेबांनी डोळे पुसले. पण बोल्टला भावजय नसते. वन्संना ती आहे, म्हणजे मी आहे, आणि 'तू कॉम्प्युटरवर काम करतेस, तुला सगळं कळतं' या एका वाक्यावर त्यांच्या प्रत्येक खरेदीची प्राथमिक चौकशी माझ्याकडे येते.

आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी मागचापुढचा विचार न करता केली. निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या पोहायला शिकल्या. कशा, का, कोणाच्या सांगण्यावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एके दिवशी त्या ओले केस घेऊन जेवायला आल्या, एवढंच आम्हाला कळलं. मग धरणाजवळच्या माले गावी त्यांनी घेऊन ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोन खोल्यांचं घर झालं आणि घरापुढे तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, एका टोकाला कमरेएवढा आणि दुसऱ्या टोकाला माणूस बुडेल एवढा निळ्या फरश्यांचा स्विमिंग पूल झाला. गावातले लोक त्याला 'बाईंचा हौद' म्हणतात. मी लातूरकडची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, आणि टँकरच्या पाण्यात कोणी पोहत नाही. त्यामुळे त्या हौदाकडे मी काठावरूनच पाहत आले.

वन्संनंतर तिथे पहिल्यांदा कोणी उतरलं असेल तर यमुनाबाई. वरच्या वाडीतली, चाळिशीची, ठेंगणी. दिवसभराच्या मजुरीवर निंदायला यायची, आणि सीझनमध्ये रानातला हिरडा गोळा करायची. एका दुपारी खुरपं बाजूला ठेवून ती काठाशी उभी राहिली आणि वन्संना म्हणाली, "ह्ये शिकता येतं व्हय या वयात?" तिची धाकटी बहीण धरणाच्या पाण्यावर कपडे धुताना पाय घसरून गेली होती. काठावर पाच बाया होत्या. पाचही ओरडल्या. पोहायला एकीलाही येत नव्हतं. हे यमुनाबाईने असं सांगितलं जसं काही कालचा भाव सांगते आहे, आणि वन्संनी त्यावर 'बघते' म्हटलं नाही. पुढच्या मंगळवारपासून शिकवणी सुरू झाली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. आधी यमुनाबाई एकटी, मग सहा जणी. गाऊनच्या आत लेगिंग घालून त्या उतरायच्या, काठ धरून पाय मारायच्या, हसून हसून दमायच्या. फक्त एक गोष्ट कोणी करेना. डोकं पाण्याखाली घालेना. वन्संनी समजावलं, चिडल्या, पाण्यात नाणी टाकून पाहिली. यमुनाबाईचं उत्तर ठरलेलं. "बाई, पाय सांगा, हात सांगा. डोकं न्हाई घालायची मी. तितं खाली काय हाय मला ठावं हाय."

आता पूल बांधला की तो घाण होतो, हे वन्संच्या तपासणीतून निसटलं होतं. माल्याला ऐनाची आणि सागाची झाडं काही कमी नाहीत. पानं पडतात, तांबडी माती उडून येते, बेडूक येतात, तळाशी हिरवट बुळबुळीत थर धरतो. वन्संकडे हाताने चालवायचा लांब दांड्याचा ब्रश होता. एक शिकवणी व्हायची तर त्याआधीची अख्खी सकाळ त्या ब्रशवर जायची, तेही कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, चौसष्टाव्या वर्षी. दिवाळीला माझा नवरा म्हणाला, "ताई, आता यंत्रं मिळतात. पाण्यात सोडलं की आपोआप तळ घासतं, भिंत चढतं, पानं पोटात घेतं. वायरसुद्धा नसते. घेऊन टाक." वन्सं म्हणाल्या, "बघते." मी लाडू खाली ठेवला. पुढे माझं काय होणार हे मला त्या क्षणी दिसलं.

पुढचे चार महिने मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पूल साफ करणाऱ्या यंत्रांबद्दल वाचत होते. मारुंजीच्या आमच्या सोसायटीत माझ्या ओळखीच्या कोणाकडे स्वतःचा पूल नाही, पण बॅटरी किती तास चालते, जाळी किती बारीक, फरशीवर पकड कोणत्या रबराची, हे मला पाठ होतं. वायरचं घ्यावं तर माल्याला वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. बिनवायरचं घ्यावं तर वन्संचा प्रश्न तयार. "वायर नाही, तर ते तळाशी अडकल्यावर ओढायचं कशाला धरून?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, माझ्या नवऱ्याला विचारला, आणि एका कंपनीच्या फोनवरच्या मुलीला पाऊण तास विचारला. त्या पाऊण तासात आणखीही पुष्कळ होतं. "तुमच्या यंत्राला बेडूक दिसला तर ते काय करतं?" मुलगी म्हणाली, "मॅम, कौन?" "बेडूक! मेंढक! वो अंदर जाएगा तो जिंदा बाहर आएगा क्या?" मुलीने वरिष्ठांना फोन दिला. वरिष्ठांनी सांगितलं की असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. वन्संनी फोन ठेवून वहीत लिहिलं : 'बेडकाची चाचणी केलेली नाही.' आणि ती कंपनी बाद झाली.

होळीच्या आठवडाभर आधी त्या पुलात पडल्या. पानगळ सुरू होती, दुपारी शिकवणी, म्हणून सकाळी सहालाच ब्रश घेऊन उतरल्या आणि शेवाळावरून पाय गेला. उजवं मनगट मोडलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. "दिवाळीला यंत्र घेतलं असतं तर?" मी म्हटलं. वन्सं प्लॅस्टरकडे बघत म्हणाल्या, "घाई करून चुकीचं घेतलं असतं तर?" डॉक्टरांनी आत पट्टी बसवायचं ऑपरेशन सुचवलं. वन्संनी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, मग तिसऱ्यांना. तेवढ्यात हाड आपल्या मनाने जुळायला लागलं, थोडं वाकडं. माझ्या नवऱ्याने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले, यंत्र घे नाहीतर पूल बुजव. मोठ्या बहिणीपुढे आवाज चढवायची त्याची ती पहिलीच वेळ. दोन दिवसांनी वन्संचा मला फोन आला. "आधी चालवून दाखवायला सांग. माझ्या पुलात. शुक्रवारी."

शुक्रवारी पुण्याहून एक विक्रेते आले. पन्नाशीचे, पॉलिश केलेले बूट, नम्र. मी रजा काढून गेले होते. सहाही बाया उथळ बाजूला पाण्यात उभ्या राहून बघत होत्या. यंत्र कासवासारखं, निळे दिवे असलेलं. ते सोडलं आणि काय सांगू, सुंदर चाललं. तळ घासत गेलं, भिंत चढलं, पाण्याच्या कडेपर्यंत येऊन बुडबुडे काढत परत खाली गेलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. "आगं ह्ये तर भिंतीवर चढतंय!" वन्संसुद्धा खुर्चीतून पुढे झुकल्या. वीस मिनिटांनी ते खोल टोकाच्या कोपऱ्यात गेलं, दिवा तांबडा झाला आणि ते थांबलं.

विक्रेत्यांनी मोबाइलवर बटणं दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "आता ओढायचं कशाला धरून?"

"मॅडम, त्याचा एक हूक येतो. तो..." ते बुटांकडे बघत म्हणाले, "ऑफिसात राहिला."

आम्ही पानं काढायच्या जाळीने प्रयत्न केला. जाळी वाकली. "तुम्हाला पोहता येतं का?" वन्संनी विचारलं.

"मॅडम, मी सेल्समध्ये आहे."

वन्सं उठल्या. प्लॅस्टरच्या हातावर त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि पायरीकडे निघाल्या. मी त्यांचा पदर धरला, अक्षरशः धरला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्या पदर सोडवून घेत होत्या. तेवढ्यात यमुनाबाईचा आवाज आला. "बाई, तुमी थांबा. हात मोडलाय तुमचा."

ती काठ धरून धरून खोल बाजूला गेली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं, मग तोंडाला. काठ घट्ट धरून ती थोडा वेळ तशीच लटकली. मग तिने नाक दाबलं आणि ती दिसेनाशी झाली. लगेच वर आली, ठसकत, डोळे लाल. "दिसलं," म्हणाली, आणि पुन्हा गेली. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ लागला. मी वन्संचा पदर सोडला नव्हता, आता त्यांनी माझं मनगट धरलं होतं. तिसऱ्या खेपेला आधी यंत्राची मूठ वर आली आणि तिच्याखालून यमुनाबाई. चार जणींनी मिळून ते धूड काठावर ओढलं. विक्रेते "थँक यू, थँक यू" म्हणत होते, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वन्सं काठाशी बसल्या. "नाकात पाणी गेलं?"

"गेलं की."

"मग?"

"मग काय! आलं भाईर." यमुनाबाई हसत होती, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. तिने तोंड फिरवून पुन्हा पाण्यात घातलं.

मला वाटलं, यंत्राचा विषय संपला. तळाशी बंद पडलेली वस्तू वन्सं घेतील हे अशक्य. पण दीड महिना विचार करून मे महिन्यात त्यांनी तेच यंत्र घेतलं, त्याच जातीचं, नवं. आणि आल्या दिवशी त्याच्या मुठीला गाईचं दावं बांधलं. चार महिने मी वायर असावी की नसावी यावर डोळे फोडून घेतले, त्याचं हे फळ. ते बिनवायरचं यंत्र दावं ओढत तळावर फिरायचं, दाव्यात स्वतःच गुरफटायचं आणि बैलासारखं उभं राहायचं. आठवडाभर हे चाललं. मग शुक्रवारी यमुनाबाईने खाली बुडी मारली, गाठ सोडली आणि दावं वन्संच्या पायाशी आणून टाकलं. "कशाला बांधताय बाई त्येला? बुडलं तर आमी हायेत की." वन्संनी दावं गुंडाळून ठेवून दिलं. विचार केला नाही.

आता शिकवणी आठवड्यातून चार दिवस असते आणि नव्या बायांना डोकं पाण्यात घालायला यमुनाबाई शिकवते. वन्सं खुर्चीवर बसून सूचना देतात, त्या कोणी ऐकत नाही. गेल्या शनिवारी सगळ्या गेल्यावर त्या स्वतः उतरल्या. मी काठावर टॉवेल घेऊन बसले होते. वाकड्या जुळलेल्या मनगटाने हात पाण्यात सरळ पडत नाही, त्यामुळे त्या समोरच्या भिंतीकडे निघाल्या आणि हळूहळू उजवीकडे वळत माझ्या पायांपाशी येऊन लागल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा तिथेच आल्या. तिसऱ्यांदा आल्यावर त्यांनी फरशी धरली आणि धापा टाकत म्हणाल्या, "पूर्वी मी सरळ जायचे गं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर मी त्यांना पोहताना कधी नीट बघितलंच नव्हतं. रविवारी इथे यायचं म्हणजे मी मोबाइल बघत बसायचे.

त्या पाठीवर वळल्या आणि तशाच तरंगत राहिल्या, कान पाण्यात, डोळे मिटलेले. मी जेवायला हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. पुन्हा मारली नाही.