पळवलेल्या पोरींची मावशी

अमरावतीच्या पुस्तकवाल्या मावशीचं नाव आधी घेते, मग बाकीचं. कॉमिकमध्ये पळवून नेलेल्या पोरी जेवल्या की उपाशीच, ही काळजी करणारी ती अख्ख्या जगात एकटी बाई असेल. नववीत शाळा सोडून मी आमच्या शेंदूरजनाघाट गावाहून शिलाई शिकायला अमरावतीला आले आणि तिच्याच घरी राहिले. खाली तिचं दुकान, जुनी कॉमिक्स पोट्ट्यांना भाड्यानं द्यायची. पण आधी स्वतः वाचायची, आणि वाचता वाचता पारा चढायचा. हिरो उडतोय, इमारती कोसळताहेत, त्याचं तिला काहीच नाही. तिची नजर कोपऱ्यात दोराला लटकलेल्या हिरोच्या मैत्रिणीवर. "बाप्पा! एवढी शास्त्रज्ञ बाई, अन् संकट आलं का पयले हिचा चष्मा पडते! इतली शिकून एकच शब्द येते, वाचवा!" मग ती कागदाची चिठ्ठी कापून, डिंक लावून त्या 'वाचवा'वर चिकटवायची: 'गाठ मी सोडते. तू तो पूल धर.'

आणि डबा! आमच्याकडे पोरगी घराबाहेर निघाली की हातात डबा हवाच, म्हणून मावशी प्रत्येक पळवलेल्या पोरीच्या हातात बॉलपेननं डबा काढायची. एकदा एक पोट्टं भांडायला आलं. "मावशी, इच्या हातात डबा काहून? मागच्या पानावर तं नव्हता!"

"मागच्या पानावर तिले भूक नव्हती लागली."

कपड्यांवरून तर ती रोज चिडायची. "अंगाले चिकटून कपडे, अन् खिसा नाही! घराची किल्ली कुठी ठेवते हे?" स्वतःची किल्ली सारखी हरवायची, म्हणून ती गळ्यात दोऱ्यानं बांधलेली. पण खरा राग हिरोवर. पाठीवर एवढी मोठी चादर, आणि गच्चीवर कुडकुडणाऱ्या पोरीला ती देत नाही! वरून न विचारता कमरेला धरून उचलतो आणि उडतो. "इचारलं का तिले? मळमळत असन बिचारीले!"

पुढे मला हैदराबादला शिलाईच्या कारखान्यात काम मिळालं. गाडी अकोल्याहून होती. मावशी दुकान बंद करून सोबत आली. गाडी लागली आणि माझे पायच उचलेनात. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि परत गेले की घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, हेही माहीत. मी रडत म्हटलं, "मावशी, मले ढकल वो आत."

"नाही ढकलत. तुले ढकललं तं त्या चादरवाल्यात अन् माह्यात फरक काय?" मग हळूच म्हणाली, "तुले जायचं हाये का? तू सांग."

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. शाळा सोडतानाही नाही. मला रडता रडता हसूच फुटलं. "हाये," म्हटलं, आणि स्वतःच चढले. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून डबा दिला आणि ओरडली, "आधी जेव, मंग रड!"

इथं अजूनही कारखान्यात कोणी मोठ्यानं बोललं की दचकून मशीनवरचा पाय निघतो. पण डबा उघडला की जरा बरं वाटतं. परवा फोनवर मावशी म्हणाली, आता पोट्टे मोबाइलच पाहतात, दुकानात कोणी येत नाही, नजरही अधू झाली, चिठ्ठ्या वाकड्या चिकटतात. तरी डबे काढणं चालूच आहे.

मावशी, एक दिवस येईन. तुझ्यासाठी माझ्या हातानं परकर शिवून आणीन, दोन्हीकडे खोल खिसे असलेला. एकात किल्ली ठेव, दुसऱ्यात डिंकाची बाटली.