मेहेर साहेबांनी गाडी नको म्हटलं होतं

मेहेर साहेब गेले, आणि मला रडू येण्याआधी राग आला.

रिटायर होऊन वर्षसुद्धा धड झालं नव्हतं हो. ही काय जायची वेळ झाली?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साहेब आमच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख. मूळचे दांडीचे, इथल्याच समुद्रकाठच्या मासेमारांच्या गावचे. बाप-आजा समुद्रावर, आणि हा माणूस आगीत.

मी त्याच नगरपरिषदेत लेखा विभागात. म्हणजे नन्नाचा पाढा म्हणायचाच पगार घेते.

त्यामुळे आमची ओळख झाली ती भांडणातून. दर बजेटला.

शहर वाढत होतं. बोईसरच्या अंगाला गोडाऊनवर गोडाऊन, इकडे लिफ्टवाल्या बिल्डिंगा. शहर वाढलं की मोठी गाडी घ्यायची, एवढंच सगळ्यांना कळत होतं. त्या वर्षी उंच शिडीच्या गाडीचं अनुदान मंजूर झालेलं. हार झेंडूचा की गुलाबाचा, इथपर्यंत चर्चा गेलेली.

आणि हे महाशय भर मीटिंगमध्ये उभे राहिले.

"गाडी नको. मानसं द्या."

मी म्हटलं, "साहेब, गाडीचे पैसे वरून येतात, एकदाच येतात. माणसाचा पगार आपल्या तिजोरीतून, दर महिन्याला. तो कुठून आणू?"

"मॅडम, आमच्या दांडीला कुनी नवी बोट घेतली नि खलाशीच नाय ठेवले, तर म्हावरं काय सोता उडी मारून बोटीत येनार हाय?"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा.

आणि गाडी आली. नारळ फुटला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला.

मग दिवाळीनंतर एका दुपारी दोन कॉल एकदम आले.

पहिला बोईसरच्या गोडाऊनचा. ड्युटीवर होती तेवढी सगळी मुलं तिकडे गेली. ती पोचतात न पोचतात तोच बेटेगावहून फोन. गवताच्या गंजीला आग.

नवी गाडी शेडमध्ये उभी. चालवायला माणूस नाही, पाणी मारायला माणूस नाही.

गंजीवरून आग घरावर गेली. माणसं वाचली, बैल वाचले. घर गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. "चला मॅडम, आपलं बजेट बगून येऊ."

गेलो. काळ्या भिंतींपुढे त्या घरातली बाई भांडी घासत बसली होती. आम्हाला बघून उठली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, "नवी गाडी हाय ना तुमची? पेपरात फोटू बगला आमी. मंग आली का नाय?"

साहेब म्हणाले, "गाडी होती माय. मानसं नव्हती."

"मंग घेतली कशाला?"

घ्या. आता द्या उत्तर.

परत आल्यावर मी बजेटची फाइल पुन्हा उघडली.

पुढच्या बजेटच्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या सदस्यांना केंद्रावर बोलावलं. "गाडीचं प्रात्यक्षिक हाय, या." मंडळी कडक इस्त्रीचे कपडे घालून हजर. फोटोग्राफरसकट!

साहेबांनी होज दोघा सदस्यांच्या हातात दिला. "आमच्याकडं एका पाइपाला एवडीच मानसं उरतात. धरा."

आणि पाणी सोडलं.

आई गं! तो पाइप असा उसळला की एक सदस्य थेट चिखलात बसले. दुसरे पाइपाला मिठी मारून अंगणभर नाचतायत. मी धरायला धावले, माझी साडी गुडघ्यापर्यंत चिंब.

चिखलातले सदस्य बोंबलले, "अहो मेहेर, बघता काय! माणसं द्या ना इकडे!"

साहेबांनी पाणी बंद केलं.

"तेच तर मी तुमच्याकडं मागतोय साहेब."

कुणी हसलं नाही.

त्या बजेटात मी कात्री फिरवली ती फिरवलीच. शोभेची कमान गेली, चौकातलं कारंजं गेलं. ज्यांची कामं कापली ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. माझं काही अडलेलं नाही.

पदांचा प्रस्ताव वर गेला, शेरे खाऊन परत आला, पुन्हा गेला. साहेब घरचा डबा घेऊन मंत्रालयात जाऊन बसायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "सोडा आता. नाही होणार हे."

"होनार. तुमी पैशे बाजूला ठेवलेत ना? मग मी बसतो की."

आणि झालं! भरती झाली. वाणगावपासून डहाणूपर्यंतची पोरंपोरी आली. ड्रायव्हर आले. प्रत्येक शिफ्टला दोन गाड्या निघतील इतकी माणसं झाली, तेव्हाच साहेब रिटायर झाले.

काल दांडीला त्यांना निरोप दिला.

सुट्टीवरची अख्खी शिफ्ट युनिफॉर्ममध्ये आली होती. त्या मुलांनीच खांदा दिला. चिता रचत होते तेवढ्यात तिथे उभ्या स्टेशन ऑफिसर मुलीचा फोन वाजला. तारापूरच्या बाजूला आग.

सगळ्या मुलांच्या माना एकदम वळल्या. दोघं तर गाडीकडे धावलेसुद्धा.

तिने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि हात वर करून त्यांना थांबवलं.

"दोन्ही गाड्या निघाल्या. माणसं पूर्ण आहेत. कुणी हलायचं नाही."

कुणी हललं नाही. शेवटपर्यंत उभी राहिली सगळी.

तेव्हा मी रडले. पोटभर रडले.

या साहेब. तुमच्या लेखा विभागाचा तुम्हाला मनापासून नमस्कार.