एका रस्त्याचे दोन नारळ

आमच्या गल्लीत एकाच रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं. डोंबिवलीकराला यात नवल वाटणार नाही. पण पहिला नारळ माझ्या बाबांनी फोडला आणि दुसरा पहिल्या मजल्यावरच्या काकांनी, म्हणून सांगते.

बाबा आणि काका जन्मभर एकाच पक्षाचे. एकाच शाखेत सतरंज्या घातल्या, नवरात्रात एकाच स्कूटरवरून ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला गेले. मग पक्ष फुटला. वर कोण कोणाबरोबर आणि का गेलं, ते मला आजही धड सांगता येणार नाही. बाबांनाही येत नाही, ते नुसते चिडतात. बाबा एका गटात राहिले, काका दुसऱ्यात गेले आणि बोलणं बंद झालं. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघायचे. आमच्या मीटरकडे इतक्या आस्थेने रीडिंग घेणाऱ्यानेही कधी बघितलं नसेल.

तर रस्ता. गल्लीचं काँक्रीट मंजूर झालं. बाबांच्या गटाने देवळाच्या टोकाला मांडव घातला आणि ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणून बाबांच्या हातात नारळ दिला. बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार पावलं टाकली की धाप, तरी इस्त्रीचा सदरा घालून गेले. दुसरा गट म्हणाला, निधी आमच्या नेत्याने आणलाय. त्यांनी डेअरीच्या टोकाला नारळ फोडला, काकांच्या हस्ते. वर फेटाबिटा! कंत्राटदार हुशार. कोणालाच दुखवायला नको म्हणून त्याने दोन्ही टोकांनी खणलं. मग दोन्ही गटांनी एकमेकांच्या कामाविरुद्ध तक्रारी केल्या आणि सगळंच थांबलं. मधोमध आमची बिल्डिंग. रिक्षा ना इकडून येई ना तिकडून.

मी प्रभाग कार्यालयात गेले. पालिकेत तेव्हा निवडून आलेलं कोणी नव्हतंच, प्रशासकाचा कारभार. इंजिनीअरसाहेबांनी बसवलं, चहा मागवला.

"मॅडम, या टोकाला काम सुरू केलं की त्यांचा फोन येतो, त्या टोकाला केलं की यांचा. काहीच नाही केलं तर कोणाचाच येत नाही."

"अहो, माझ्या वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं!"

"हो ना, अवघड आहे," ते म्हणाले आणि मनापासून म्हणाले. "तुम्ही असं करा, दोन्ही गटांना एकत्र घेऊन या." तो चहा मी त्यांच्या टेबलावर ओतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सुरुवातीला बाबांच्या गटाची पोरं यायची. बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खड्ड्यावरच्या फळ्यांवरून मेन रोडपर्यंत न्यायची, दर वेळी फोटो काढायची. मग निवडणूक लागली आणि पोरं प्रचारात गायब झाली. दोन्ही गटांच्या पत्रकांवर आमचा रस्ता होता. पूर्ण झालेला.

त्या गडबडीत बाबांची एक खेप चुकली. पाय सुजले, आडवं होता येईना. सकाळी मी आणि वॉचमन खुर्ची उचलायला गेलो, पण आम्हा दोघांना ती काही पेलेना. तेवढ्यात काका खाली आले. माझ्या शेजारी उभे राहिले आणि खुर्चीची पाठ धरली. बाबांनी मान फिरवली. डेअरीच्या टोकाला, बरोब्बर फळीच्या मधोमध, बाबांनी तोंड उघडलं.

"तुमच्याकडचा खड्डा आमच्यापेक्षा खोल दिसतोय रे."

"मग! आमचं काम दणक्यातच असतं."

दोघं असे हसायला लागले की खुर्ची गदागदा हलली, वॉचमन ओरडला, "अहो आजोबा, पडाल!" मला दोघांचा संतापही आला आणि रडूही आलं. त्यानंतर काका दर खेपेला येऊ लागले. वाटेत दोघं एकमेकांच्या नेत्यांना यथेच्छ शिव्या घालायचे. बाबा डायलिसिसची वाट बघायला लागले होते, देवाशप्पथ!

मग कोणीतरी फोटो काढला आणि तो दोन्ही गटांच्या व्हॉट्सॲपवर फिरला. कोण कोणाला फोडतोय, यावर चर्चा झडली. पुढच्या खेपेला काका आलेच नाहीत. मी वर जाऊन बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, दार उघडलं नाही. मी तणतणत खाली आले.

"एवढी जुनी मैत्री, आणि घाबरला मेला!"

"त्याला बोलू नकोस," बाबा खुर्चीतून म्हणाले. "मीच सांगितलं त्याला, येऊ नको म्हणून."

"तुम्ही?"

"काल आमच्या गटाच्या साहेबांचा फोन आलेला. ऐन निवडणुकीत लोकांत चुकीचा संदेश जातो म्हणाले."

"अहो बाबा, तुम्हाला श्वास घेता येत नाहीये! आता उचलणार कोण तुम्हाला?"

"अगं, स्वतः फोन केला त्यांनी," बाबा म्हणाले. बोलताना धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला नावाने ओळखतात."

आणि सदरा नीट करून ते ताठ बसले, कोणीतरी येऊन उचलेल म्हणून.