जास्त उरलेली पुडी

"मुलीला ल्युकेमिया आहे. म्हणजे रक्ताचा कॅन्सर," डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यावर मी त्यांना विचारलं, "मंग परवा रोवण्याले घरी जाता येईन का?"

हे लिहिताना आजही लाज वाटते. पण ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना कळेल. एवढं मोठं वाक्य एकदम डोक्यात शिरतच नाही. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लावणीसाठी चिखल करून ठेवला होता, रोवणीच्या बाया सांगून ठेवल्या होत्या, आणि माझं मन तिथंच अडकलं होतं. डॉक्टर बाईंनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. ते भिंतीकडं पाहत होते. मग बाईंनी तेच सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं.

गोष्ट ऐंशी सालाच्या आगेमागची. आम्ही मोहाडी तालुक्यातले, तलावाखाली धान पिकवणारे. कुंदा तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेतून येताना ती वाटेत बसून घ्यायची. रंग उतरला होता. नडग्यांवर काळेनिळे डाग दिसले, तेव्हा चिंचेवरून पडली असणार असं मी ठरवूनच टाकलं. ती "नाही पडली" म्हणाली, तर खोटं बोलते म्हणून मी तिला एक चापट मारली. पुढं हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मोहाडीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, भंडाऱ्याला रक्त तपासलं, आणि तिथून चिठ्ठी देऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं बोन मॅरो तपासला. म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात आणि काचेवर बघतात. चार जणांनी तिला धरून ठेवलं होतं. मी दाराबाहेर होते, तरी सगळं ऐकू आलं. ती चापट मला त्या दाराबाहेर जशी लागली तशी तिलाही लागली नसेल.

पुढचे तीन महिने वॉर्डात गेले. इंजेक्शनं, पाठीच्या मणक्यात सुई, स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि भूक इतकी लागायची, की ती शेजारच्या खाटेवरचं वरणही मागायची. मग केस गेले. मी दिवस मोजणं सोडून दिलं. दवाखान्यात माणूस कामानं थकत नाही, वाट बघून थकतं. रिपोर्टची वाट, सिस्टरची वाट, एक्स-रेच्या खोलीचं दार उघडण्याची वाट.

तग धरला तो वॉर्डातल्या बाकीच्या आईबापांमुळं. आम्ही बहुतेक सगळे भंडाऱ्याकडचे, धानवाले. रोवण्याच्या दिवसांत एकमेकांच्या बांधीत पाळीपाळीनं जायची आम्हाला सवय, ती आम्ही वॉर्डातही चालवली. एकजण दोन दिवस गावी जाऊन यायचा, तोवर त्याच्या लेकराला दुसरा जेवू घालायचा. शेजारच्या खाटेवर कारध्याच्या एका भाऊंचा मुलगा होता. समोर पवनीच्या कौसल्याबाईचा दिनेश. दिनेश आठ वर्षांचा, आमच्या चार महिने आधी आलेला, म्हणून कौसल्याबाई वॉर्डातली जुनी मानकरी. मला पहिल्या दिवशी पाण्याचा नळ, संडास आणि रडायची जागा तिनंच दाखवली. "हितं जिन्याखाली रडून घे," म्हणाली. "लेकराच्या समोर नोको."

कार्तिकात डॉक्टर बाईंनी सांगितलं, की कुंदा रेमिशनमध्ये आली. म्हणजे रक्तात आता कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. पण आजार गेला असं समजायचं नाही, तो दडून बसलेला असू शकतो. म्हणून दोन-अडीच वर्षं घरी गोळ्या द्यायच्या आणि दर महिन्याच्या एका बुधवारी दाखवायला यायचं. कुंदाला रोज सकाळी एक पिवळी गोळी होती. दिनेश पुढच्या टप्प्यात होता, त्याला तशीच रोजची एक आणि शिवाय आठवड्यातून एकदा, सोमवारी, दुसऱ्या जातीच्या सहा गोळ्या एकदम. गोळ्या खाकी कागदाच्या पुड्यांत मिळायच्या. पुड्या सगळ्या सारख्याच.

चौथ्या की पाचव्या बुधवारी खिडकीवरचा माणूस म्हणाला, "रोजच्या गोळ्या संपल्या. पंधरा दिवसांनी या." दुष्काळात तेरावा महिना. गोळी एक दिवस चुकवायची नाही असं डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, आणि बाई नेमक्या त्या दिवशी रजेवर. दुकानात ती गोळी मिळत नव्हती. मी एसटी स्टँडवर कुंदाला घेऊन बसले होते. कौसल्याबाईनं माझं तोंड पाहिलं.

"काहून वो, अशी काहून बसली?"

मी सांगितलं. तिनं लगेच पिशवीतून दोन पुड्या काढल्या, उघडून पाहिल्या, आणि एकीतल्या पंधरा गोळ्या मोजून माझ्या पदरात टाकल्या. "आपल्यापाशी असून लेकरू उपाशी राहीन का?"

आता आमची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रोवणीत कुणाचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कमी पडले, तर ज्याचे उरले तो देतो. जात विचारत नाही, धानाचा वाण विचारत नाही. ज्या वाफ्यात जास्त उरले त्यातले उपटून देतो. कौसल्याबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ज्या पुडीत जास्त उरल्या होत्या तीतल्या दिल्या. आणि जास्त उरणार कोणत्या? आठवड्यातून एकदाच लागणाऱ्या; त्या दिवशी चार सोमवारच्या तेवढ्या तिला नव्या मिळाल्या होत्या, रोजच्या तिलाही नाही.

मी सातवी शिकलेली. पण पुडीवर वाचण्यासारखं काही नव्हतंच. गोळ्या पिवळ्या, फक्त जरा लहान दिसल्या. कंपनी वेगळी असेल असं म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गुळाच्या खड्याबरोबर एक कुंदाला देत गेले.

आठव्या-नवव्या दिवशी तिच्या तोंडात फोड आले. मग जुलाब. पाण्याचा घोट गिळताना ती माझा हात धरून किंचाळायची. बाराव्या दिवशी आम्ही नागपूर गाठलं. रक्त तपासलं तर सगळंच खाली गेलेलं. पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या, जवळजवळ नाहीत. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या, त्याही नाहीत.

"गोळ्या नीट दिल्या होत्या ना?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"दिल्या जी. एकही दिवस नाही चुकवला."

"याच दवाखान्यातल्या?"

मी "हो" म्हटलं. ते खोटं होतं का? गोळ्या तिथल्याच होत्या. पण मला कळलं होतं, त्या काय विचारत होत्या ते. औषधांची देवघेव करायची नाही, असं सिस्टरनं आम्हाला सगळ्यांना दरडावलं होतं. कौसल्याबाईचं नाव घेतलं तर तिच्या दिनेशच्या गोळ्या बंद करतील, ही भीती मला वाटली. आणि आमच्याकडं उसनं दिलेल्याचं नाव चव्हाट्यावर आणत नाहीत. माझी अक्कल तिथवरच चालली.

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "आजार उलटलेला दिसतो. उद्या पुन्हा बोन मॅरो करू. तसंच निघालं तर अजून जोरकस इंजेक्शनं सुरू करावी लागतील. तिला झेपतील की नाही सांगता येत नाही." मी मान हलवली. गोळ्यांचा आणि या सगळ्याचा संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. नवरा म्हणाले, "घरी घेऊन जाऊ का?" मी त्यांच्यावर चिडले, पण तेवढं चिडायचीही ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाला सुईच्या खोलीकडं न्यायला स्ट्रेचर आलं होतं. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून कौसल्याबाई पळत आली. तिची तारीख नव्हती. दिनेशही बरोबर नव्हता. सोमवारी त्याला सहा गोळ्या द्यायला बसली तर पुडीत तीनच निघाल्या, तेव्हा आपण मला सोमवारच्या पुडीतल्या दिल्या, याचा तिला उलगडा झाला. माझं गाव तिला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून निरोप तरी जाईल म्हणून पवनीहून पहिली गाडी धरून आली होती. खाटेवरच्या कुंदाचं फोडांनी भरलेलं तोंड तिनं पाहिलं. मग ती थेट डॉक्टर बाईंपुढं गेली.

"बाई, मी देल्या इच्या मायले गोळ्या. चुकीच्या पुडीतल्या देल्या. सोमवारच्या व्हत्या त्या. मले काय करा ते करा, पण पोरीले पाहा."

डॉक्टर बाई माझ्याकडं वळल्या. "खरं?"

मी म्हटलं, "खरं जी."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी स्ट्रेचर परत पाठवलं. मला एवढंच म्हणाल्या, "आज मी ती इंजेक्शनं सुरू केली असती तर मुलगी गेली असती. माझ्या हातून." मग त्या फोनकडं गेल्या. ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

आठवड्याच्या गोळीचं नाव मेथोट्रेक्सेट. ती रोज दिली तर तोंडाची आणि आतड्याची त्वचा सोलते आणि हाडातलं रक्त बनणंच थांबवते. तिच्यावर फोलिनिक ॲसिड नावाचा उतारा असतो. तो दवाखान्यात नव्हता. लहान डॉक्टरांनी शहरभर फोन केले आणि दुपारी कुणाच्या तरी स्कूटरवरून सहा कुप्या आणल्या. रक्त कारध्याच्या भाऊंनी दिलं, कौसल्याबाईच्या भावानं दिलं, माझ्या नवऱ्यांनी दिलं. सिस्टर तासातासाला तिचं तोंड पुसायच्या. कौसल्याबाई तीन दिवस खाटेच्या पायथ्याशी बसून होती. मी तिच्याशी बोलले नाही. राग तिच्यावर होता की माझ्यावर, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी कुंदानं भाताची पेज मागितली. त्या दिवशी आम्ही दोघी जिन्याखाली गेलो आणि पोटभर रडलो.

पेशी वर यायला तीन आठवडे लागले. मग डॉक्टर बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवलं. "चूक तुमची आहे, तशी आमचीही आहे," म्हणाल्या. "पुड्या एकसारख्या, त्यावर नाव नाही, आणि साठा संपला तर कुणाकडं जायचं ते आम्ही सांगितलं नाही." सिस्टरनं आयांकडून जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. रोजच्या गोळीला पांढरी, आठवड्याच्या गोळीला लाल. आणि मला काम दिलं, की दर महिन्याच्या त्या बुधवारी नव्या आईबापांना ही हकीकत मी स्वतःच्या तोंडानं सांगायची. शिक्षा दिली असती तर बरी, असं मला वाटलं. नवी माणसं आ वासून ऐकायची आणि कुंदाकडं बघायची. ती तोंड फिरवायची.

कुंदाची गोळी अडीच वर्षांनी थांबली. ती जगली. दिनेश नाही जगला. त्याचा आजार खरोखरच उलटला आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो गेला. गोळ्यांच्या घोटाळ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर बाईंनी कौसल्याबाईला दोनदा सांगितलं. तिला पटलं की नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी मी नव्या लोकांपुढं उभी राहिले, तर दारात कौसल्याबाई. पवनीहून एकटी आलेली. मी तिला बाजूला घेतलं. "तू कायले आली वो बाई? तुले हितं पाय ठेववते तरी का?"

"नाही ठेववत," ती म्हणाली. "पन तू मायं नाव गाळून सांगून राहिली, मले सिस्टरनं सांगतलं."

ते खरं होतं. दिनेश गेल्यापासून मी "एका बाईनं दिल्या" एवढंच म्हणत होते.

तुमच्या लेकराला हा आजार असेल तर माझं एवढं ऐका. थकाल, चुकाल, तरी डॉक्टरांपासून काही लपवू नका. आपल्या माणसाला वाचवायचं म्हणून तर मुळीच नाही. मी लपवलं, आणि जिला वाचवायला लपवलं तिनंच येऊन माझी पोर वाचवली. त्या दिवशी कौसल्याबाई माझ्या शेजारी उभी राहिली. खाटांवरच्या सगळ्या लेकरांकडं तिनं एकदा पाहिलं आणि नव्या आयांना म्हणाली, "त्या गोळ्या मी देल्या व्हत्या. मी दिनेशची माय."