आगाऊ घेतलेली दक्षिणा

बाबा गेले तरी आईनं त्यांचा मोबाइल बंद करू दिला नाही. "यजमानांचे फोन येतील," म्हणाली. आलेच. "गुरुजी आहेत का?" "नाहीत हो, माघात गेले." तिकडून जरा हळहळ व्हायची आणि फोन ठेवला जायचा. दूधविनायकाच्या आमच्या गलीत बाबांसारखे भिक्षुक आता मोजकेच उरलेत. महाराष्ट्रातली माणसं पैसे पाठवायची आणि बाबा इथल्या पंचगंगा घाटावर गंगेत उतरून त्यांच्या माणसांची श्राद्धं करायचे. कुणाची तिथी, कुणाचं गोत्र, सगळं तोंडपाठ. कागदावर एक अक्षर नाही. आणि त्याची काय घमेंड होती त्यांना!

आषाढात साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. "उद्या माझ्या मुलाची तिथी. गुरुजींना आठवण आहे ना?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई! पण मी तर पुढच्या वर्षांचंही देऊन ठेवलंय की. पाटल्या मोडल्या त्यासाठी. माझ्या मागे त्याला पाणी द्यायला कोणी नाही म्हणून."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यावर नाही, बाबांवर. स्वतःला जिना चढताना धाप लागत होती आणि हे दुसऱ्याच्या पुढच्या वर्षांची हमी देऊन बसले! वाटलं काय होतं तुम्हाला, अमरपट्टा घेऊन आलायत?

"काकू, मी करीन," मी म्हटलं. "लहानपणापासून ऐकतेय, सगळे मंत्र येतात मला."

"तुम्ही?" त्या अडखळल्या. "तसं नाही हो, पण गुरुजी म्हणाले होते, मी नसलो तर माझा मुलगा करील. मुलगा आहे ना त्यांना?"

आहे ना. पुण्यात आहे, कंपनीत. मुंजीनंतर त्यानं संध्यासुद्धा धड केली नाही, हे बाबांना काय ठाऊक नव्हतं? पण शब्द देताना त्यांना आठवला तो मुलगाच. शाळेत शिकवून हे घर चालवणारी, त्यांची औषधं आणणारी मी नाही आठवले. हे मला लागलं, अजूनही लागतं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "हे बघ, बाप गेल्यावर त्याचं देणं मुलांवर येतं ते त्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. बाबांनी ठेवलं काय? भाड्याच्या दोन खोल्या आणि ताम्हण-पळी. मी कुठे सही केली होती?"

"अरे, पण त्या बाईंना काय सांगू?"

"गलीतल्या कुणाकडून तरी करून घे यंदा. पैसे पाठवतो मी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"आता पुढचं पुढे," म्हणाला आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

शेजारच्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशी श्राद्ध केलं. मी बाईंना कळवलं. वर हेही म्हटलं, "काकू, मी आहे तोवर दरवर्षी करवून घेईन."

"गुरुजीही असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. रागानं नाही. राग चालला असता मला.

आई कॉटवर बसून सगळं ऐकत होती; पाटल्यांचं तिला मीच सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "ह्या बाईंनी पाटल्या कधी मोडल्या गं?"

मी उडवून लावायला बघितलं, पण आई कसली ऐकते! काकू बोलता बोलता म्हणाल्या होत्या ते माझ्या तोंडून निघालंच, दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षांपूर्वीच आई जिन्यात पडली होती. खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, घरात पैसा नव्हता, आणि बाबा एक दिवस हसत हसत आले, एका यजमानांनी दिले म्हणून. आम्ही दोघींनी देवापुढे साखर ठेवली होती.

आई रडली नाही. "म्हणजे त्या बाईच्या पोराच्या पाण्यावर मी चालतेय," एवढंच म्हणाली.

मी खूप समजावलं. दादानं व्हिडिओ कॉलवर तोच कायदा तिलाही सांगितला. "आई, तुझ्यावर काही येत नाही गं!" तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून उठणं सोडलं. डॉक्टर म्हणतात, चालल्या नाहीत तर ऑपरेशन फुकट जाईल. तिचं न चालणं कुणाच्या कामाचं? त्या बाईंच्या नाही, त्यांच्या मुलाच्या नाही, बाबांच्या तर नाहीच नाही. हे तिलाही कळतं.

बाबांचा फोन अजून वाजतो. आणखी कुणाकुणाचं घेऊन ठेवलंय, ते बाबांनाच ठाऊक. रोज सकाळी मी वॉकर कॉटशी आणून उभा करते. आई पाय लांब करून तो दूर लोटते. ऑपरेशन झालेल्या, त्याच पायानं.