पुस्तकाप्रमाणे चालवलेलं वर्ष

बचत झाली असं व्यासपीठावरून कोणी सांगितलं की तुम्ही टाळ्या वाजवता. कधी उभं राहून विचारलंय का, बचत कोणाची?

नसेल विचारलं, तर भट्टीमामांची गोष्ट ऐका. नगरपालिकेच्या रुग्णालयाच्या तळघरात तेलावर चालणारे दोन बॉयलर होते आणि त्यांच्यापाशी सव्वीस वर्षं मामा होते. वॉर्डातल्या आंघोळी, स्वयंपाकघरातली भांडी, धुलाईघरातल्या चादरी, सगळ्यांना गरम पाणी तिथून जायचं. डॉक्टर बदलले, नगराध्यक्ष बदलले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. मामा तिथेच. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, बाकी कोणाला ठाऊक नव्हतं.

बॉयलरसोबत एक जाड पुस्तक आलेलं. त्यात लिहिलं होतं, दोन्ही बॉयलर कायम तापते ठेवा, एक कामाला, दुसरा राखीव. मामांनी पहिल्या वर्षीच ते वाचलं आणि मिटून फळीवर ठेवलं. ज्याने हे लिहिलं त्याला तेल भरावं लागत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी एकच बॉयलर चालवला. कसा? रुग्णालयाने टाकून दिलेली ब्लँकेटं पाइपांना गुंडाळली, वरून तार आवळली. धुलाईघरातलं गरम सांडपाणी ज्या हौदातून गटारात जायचं, त्याच हौदात बाहेरून येणाऱ्या थंड पाण्याचा पाइप वेटोळं करून बसवला. म्हणजे जाणारं पाणी जाता जाता येणाऱ्याला ऊब देऊन जायचं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ठोका.

धुलाई, स्वयंपाकघर आणि वॉर्ड यांनी एकदम नळ सोडले तर एका बॉयलरचा दम निघतो. म्हणून मामा लोखंडी पाइपावर, ब्लँकेटाबाहेर मुद्दाम उघड्या ठेवलेल्या जागी, पान्याने ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे धुलाईने पाणी घ्यावं. तीन म्हणजे स्वयंपाकघराने. पाना पाइपावर घासत नेल्याचा एक लांबलचक आवाज म्हणजे सगळ्यांनी थांबा, आता वॉर्डातल्या आंघोळी. सगळ्या इमारतीत पाइपांतून तो निरोप फिरायचा. धुलाईघरातून उत्तराचा एक ठोका यायचा, तो मामींचा. मामी तिथे चादरी धुवायच्या.

"घरी तोंडाने बोलत नाहीत आणि इथे पाइप बडवतात," मामी बायकांना सांगायच्या.

प्रत्येक नवा साहेब तळघरात उतरला की ब्लँकेटं बघून नाक मुरडायचा. "हे काय गोधडीचं दुकान मांडलंय? पुस्तकाप्रमाणे का नाही चालवत?" मामा मान खाली घालून हो म्हणायचे आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा आपलंच करायचे. रोज किती तेल जळलं ते स्वतःच्या वहीत लिहायचे. कोणी मागितली नव्हती ती वही. एक भरली की दुसरी. एक दिवस कोणीतरी येईल आणि विचारेल, ही त्यांची साधीशी आशा. माणसाला तेवढा हावरटपणा असू द्यावा.

आणि खरंच कोणीतरी आलं. वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीचा नगरपालिकेशी करार झाला. तेल बंद, धूर बंद. छतावर सौर पॅनेल, तळघरात हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारी यंत्रं. नगरपालिकेने आधी काही द्यायचं नाही, कंपनीनेच सगळं बसवायचं आणि जेवढी बचत होईल त्यातून आपला वाटा घ्यायचा. मी याच्या विरोधात नाही, आधीच सांगतो. मामाही नव्हते. त्यांच्या छातीत सव्वीस वर्षांचं काजळ होतं. यंत्रं येणार म्हटल्यावर घरी त्यांनी मामींना म्हटलं, "बरं झालं, आता कोणी खोकत नोकरी करणार नाही."

कंपनीची इंजिनिअर बाई तरुण होती, गोड बोलायची. चहा पीत तळघरात दोन तास बसली. साहेबांपैकी असं कोणी बसलं नव्हतं. मामांनी तिला ब्लँकेटं दाखवली, वेटोळं दाखवलं, ठोके वाजवून दाखवले. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "मामा, आधी एक वर्ष मोजमाप आहे. जुनं यंत्र किती खातं, ते कळायला हवं. तर हे वर्ष सगळं पुस्तकाप्रमाणे चालवा. तुमच्या युक्त्या काढून ठेवा. मोजमाप स्वच्छ हवं."

"म्हणजे दोन्ही बॉयलर?"

"दोन्ही."

"तेल बेसुमार जाईल, बाई."

"तेच तर मोजायचंय."

इथे मामा चुकले. त्यांना वाटलं, आधी पुस्तक मोजणार, मग मामा मोजणार. दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवली की कोण शहाणा ते सगळ्या साहेबांना दिसणार. सव्वीस वर्षांच्या टोमण्यांचं उत्तर कंपनीच्या कागदावर येणार. त्यांनी स्वतःच्या हाताने ब्लँकेटं उतरवली. वेटोळं कापलं. पाना खुंटीला अडकवला. मापाच्या कागदावर रोज सही केली, ठळक, वळणदार.

"उत्तर द्यायला ठोकाच येत नाही हो," मामी संध्याकाळी म्हणाल्या. "करमत नाही तिकडे."

"अगं, वर्षभर थांब. मग बघ."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण करून घेताय की काय?"

वर्ष संपलं. मामा वह्या पुसून तयार ठेवून बसले. दुसरं वर्ष मोजायला कोणी आलं नाही. यंत्रं आली. पाइपांवर चकचकीत जाड आवरण चढलं. आणि धुलाईच्या हौदात स्टीलचं एक वेटोळं बसलं, नेमकं तिथेच, तेवढ्याच फेऱ्यांचं. त्याला मोठं नाव होतं आणि वर कंपनीचा शिक्का होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, शिक्क्यासकट.

वर्षभराने अंगणात मांडव पडला. अहवाल वाटले गेले. निम्म्याहून जास्त ऊर्जा वाचली म्हणे. नगराध्यक्षांनी हार घेतला, कंपनीच्या वरिष्ठांनी नारळ घेतला. मामा मागच्या खुर्चीवर होते. मामींनी अहवाल उघडला आणि अकराव्या पानावर थांबल्या.

"अहो, हे तुमच्याबद्दल आहे."

"वाच की मग."

मामींनी हळू आवाजात वाचलं. पूर्वी चालकाच्या निष्काळजीपणामुळे दोन्ही बॉयलर विनाकारण तापते ठेवले जात होते, पाइप उघडे होते, सांडपाण्यातली उष्णता वाया जात होती.

भोवताली टाळ्या चालू होत्या. मामांचे हातही सवयीने उचलले गेले होते. ते त्यांनी मांडीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी बावीस वह्या पिशवीत घालून ते कंपनीच्या कार्यालयात गेले. इंजिनिअर बाईने वह्या उघडल्या. तिला सगळं कळलं, कारण तिचा चेहरा पडला. यंत्रांमुळे जे खरंच वाचलं होतं ते वाचलंच होतं. पण अहवालातली अर्धी बचत मामांच्या वह्यांत आधीच लिहिलेली होती, वर्षानुवर्षं, शाईत.

"मामा, या वह्या प्रमाणित नाहीत," ती म्हणाली. "मोजमापाचं वर्ष प्रमाणित आहे. त्यावर सही तुमचीच आहे."

"मला हिस्सा नको, बाई. माझी नोकरीही गेली तरी चालेल. फक्त ती निष्काळजीपणाची ओळ खोडा. माझी बायको त्या रुग्णालयात काम करते."

"मी वर बोलते."

ती बोलली असावी. नव्या प्रतीत 'निष्काळजीपणा'च्या जागी 'जुन्या सवयी' आलं.

तळघर आता कंपनीच्या मुख्यालयातून पडद्यावर चालायचं. मामांना फाटकापाशी खुर्ची मिळाली, भेटायला येणाऱ्यांना पास द्यायला. बायका पास घेता घेता विचारायच्या, "मामा, इतकं तेल जाळायचात होय?" चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच फाटक सांभाळायचं.

मग सकाळी सकाळी यंत्रं बंद पडू लागली. धुलाई, स्वयंपाकघर आणि वॉर्ड एकदम पाणी ओढायचे, पडद्यावर लाल खूण यायची, पाणी थंड. मुख्यालयातला माणूस दोनदा येऊन गेला, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर बाई फाटकाशी उभी राहिली.

"मामा, तुम्ही सकाळचं कसं सांभाळायचात? ती वेळांची गोष्ट नीट सांगा ना."

"पुस्तकात बघा," मामा म्हणाले.

"मामा, प्लीज."

"ती ओळ काढा. सवयीसुद्धा नको. जे खरं आहे ते लिहा आणि खाली माझं नाव घाला. मग सांगतो."

"अहवाल सभेत मंजूर झालाय. आता कोणालाच बदलता येणार नाही."

"मग मलाही आठवत नाही."

दोन दिवस मामा हटले नाहीत. मला विचाराल तर महिनाभर हटायला नको होतं. पण दुसऱ्या दुपारी मामी फाटकापाशी आल्या. थंड पाण्यात चादरी पिळून बोटं लाल झाली होती. त्या हातांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

"बाळंतिणींच्या वॉर्डात स्वयंपाकघरातून बादल्या नेतायत," एवढंच म्हणाल्या. "जिन्यात एक जण घसरली. थोडक्यात वाचली."

"मग मी काय करू? त्यांनी—"

"तुम्ही काय करायचं ते मी सांगत नाहीये. जिन्यात काय झालं ते सांगतेय."

मामा उठले, तळघरात गेले. खुंटीवरचा पाना तसाच होता. त्यांनी पाइपावर दोन ठोके दिले आणि कान देऊन उभे राहिले. जाड आवरणातून आवाज गेलाच नाही. मग त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, धुलाई, स्वयंपाकघर, वॉर्ड, कोणी कधी पाणी घ्यायचं त्या वेळा लिहिल्या आणि ते तुकडे तिन्ही ठिकाणी स्वतः खिळ्याला अडकवले. पाणी गरम राहिलं. एकदाही लाल खूण आली नाही.

महिन्याभरात पुठ्ठे गेले. त्यांच्या जागी प्लास्टिकमध्ये मढवलेले सुबक तक्ते लागले. वेळा त्याच, एक मिनिटही इकडेतिकडे नाही. खाली कंपनीचं नाव. पुढच्या अहवालात ही 'नियोजनातील सुधारणा' म्हणून येईल, आणि पुन्हा मांडव पडेल.

मामा अजून फाटकाशी आहेत. बावीस वह्या मामींच्या कपाटात आहेत, धुतलेल्या चादरीत गुंडाळलेल्या. तुमच्या गावात असा करार होणार असेल, तर सभेत हात वर करा आणि विचारा, मोजमापाचं वर्ष कोणतं धरलं आणि त्या वर्षी यंत्र कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, कसं चालवलं. आणि त्याआधी तळघरात उतरा. तिथल्या माणसाची वही मागा, त्याच्यासमोर बसून वाचा, आणि तोवर त्याला कशावरही सही करू देऊ नका.