खाकी पॅन्टचा बंदोबस्त

चोरी झाल्यावर चौकशी करणारे पोलीस सगळ्यांनीच पाहिलेत. आमच्या बीटचे हवालदार चोरी होण्याआधीच चौकशी करायचे. कुणाचं कुत्रं अनोळखी माणसावर भुंकतं, कुणाचं भाकरीच्या तुकड्याला फितूर होतं, कोणत्या म्हाताऱ्याला दुपारची झोप लागत नाही, सगळं त्यांना हवं असायचं. माझ्या किराणा दुकानात बसून ते इतकं विचारायचे, की सुरुवातीला वस्तीला त्यांचाच संशय आला. पार मिरजगावच्या बाजारापर्यंत त्यांचं नाव पडलं, चौकशी हवालदार.

"चोर धरण्यात कसली मर्दुमकी? तो दारातनं माघारी गेला पायजे," हे त्यांचं पालुपद.

दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, घरांना कुलपं लागतात. आदल्या वर्षी कौसाबाईचं कुलूप तुटलं आणि लेकीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी गेली. बिचारीनं पुन्हा जमवली. पण निघायची वेळ आली तशी उंबऱ्यातच बसली. "सायेब, भांडी राखू का पोट भरू?"

हवालदारांनी उलट विचारलं, "मावशी, घर रिकामं हाय, हे चोराला कोन सांगतं?"

तिनं शेजारच्या शेवंताकडे बोट केलं. दोघींचा जुना अबोला.

"न्हाई. अंगन सांगतं."

मग कौसाबाई तोडीला गेल्यावर त्यांनी शेवंतालाच गळ घातली. कौसाबाईच्या दारात रोज सडा घालायचा, तिच्या दोरीवर धुणं वाळत टाकायचं. शेवंता सड्याला तयार झाली, पण आपलं लुगडं त्या दोरीवर पडणार नाही म्हणाली. हवालदारांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दोरीवर त्यांची जुनी खाकी पॅन्ट लोंबत होती.

उन्हाळ्यात कौसाबाई परतली आणि अंगणातूनच माघारी फिरली ती थेट दुकानात, हवालदारांपुढे. "माज्या घरात कुनीतरी बिऱ्हाड थाटलंय. आन् बाप्या हाय."

हवालदार गंभीर चेहऱ्यानं काठी घेऊन निघाले. असला तमाशा मी सोडतोय होय? दुकान उघडं टाकून मीही मागे. दारात ओला सडा, दोरीवर पॅन्ट आणि कुलूप जसंच्या तसं. आत भांड्यांवर नुसती धूळ. कौसाबाईनं एक कोरा तांब्या धुतला, भरला आणि आधी शेवंतापुढे धरला. हवालदारांनी त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही.

पुढे त्यांची जामखेडला बदली झाली. जाताना ते पॅन्ट काढायला गेले, तर कौसाबाई दोरीपुढे आडवी उभी. 

"ऱ्हाऊ द्या ती, सायेब. तुमी गेलात, हे चोराला कोन सांगनार?"